रोज पाच ओळी, स्वतःपुरत्या

समुपदेशक सांगतात, मैत्रीण सांगते, रील बघता बघता एखादी अनोळखी बाईही सांगून जाते: रोज लिहा, मन हलकं होतं. मग नव्या वर्षाला कुणीतरी सोनेरी कडांची जाड डायरी भेट देतं. संक्रांतीपर्यंत दहा-बारा पानं भरतात. पुढे त्याच डायरीत दूधवाल्याचा हिशोब, गॅसचा ग्राहक क्रमांक आणि धाकट्याने स्केचपेनने काढलेला हत्ती. ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत अशी एक डायरी टीव्हीखालच्या खणात पडून असेल.

याला लोक आळस म्हणतात. मला तसं वाटत नाही. लिहायचं काय, हेच बहुतेकांनी चुकीचं ठरवलेलं असतं. सकाळी उठले, ७.५२ची गाडी पकडली, दुपारी काम होतं, रात्री दमले. असा दिवसाचा जमाखर्च तीनदा मांडला की चौथ्या दिवशी आपला आपल्यालाच वाचवत नाही. मनासाठी लिहायचं तर अख्खा दिवस कशाला? दिवसभरात जी एक गोष्ट मनात अडकून राहिली, तेवढीच लिहायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

आधी अपेक्षा जागेवर आणू

जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील यांच्यासोबत केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींना अगदी निरुपद्रवी विषय दिले. काहींना सांगितलं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहा. काय घडलं तेही आणि काय वाटलं तेही. ज्यांनी दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्या झाल्या उलट जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी कॉलेजच्या आरोग्य केंद्रात त्यांच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या.

त्यानंतर अशा प्रयोगांची रांग लागली. २००६ साली सुमारे दीडशे प्रयोग एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात फायदा दिसला, पण सरासरीने छोटा. तेव्हा ‘लिहा आणि आयुष्य बदला’ म्हणणाऱ्यांकडे जरा दुर्लक्ष करा. लिहिल्याने घरभाडं कमी होत नाही आणि साहेबही बदलत नाहीत. आपण कशाने चिडलो होतो ते मात्र कळतं. ते कळलं की निदान भलत्याच माणसावर ओरडणं कमी होतं. मला एवढं पुष्कळ वाटतं.

पेनेबेकर यांनी पुढे लोकांच्या लिखाणातले शब्दही तपासले. ज्यांना जास्त फायदा झाला, त्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येतंय’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवशी नुसता गुंता, चौथ्या दिवशी थोडी संगती. नुसती तक्रार रोज नव्याने लिहीत राहिलं की तेवढा उपयोग होत नाही, तो यामुळेच. हे लक्षात ठेवा, तिसऱ्या पायरीवर लागेल.

पहिली पायरी: स्वस्त वही

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी शंभर पानी, छोट्या आकाराची वही घ्या. पर्समध्ये किंवा ऑफिसच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावेल अशी. तारखा छापलेली डायरी नकोच. त्यात एक दिवस राहिला की कोरं पान आपल्याकडे बघत बसतं आणि मग आपण डायरीकडे बघणं सोडतो. महागडी वही असली की अक्षर चांगलं काढावंसं वाटतं, वाक्य छान व्हावं असं वाटतं, आणि मनातलं खरं वाक्य राहून जातं.

पेन बॉलपेनच ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा सर्द होतात, कागदाची काय कथा. जेलची किंवा फाउंटन पेनची शाई दमट कागदावर फुटते आणि बॅगेत पाणी गेलं तर पानभर पसरते.

फोनवर लिहिलं तर चालतं का? चालतं. ऐरोली किंवा रबाळ्याहून संध्याकाळी गाडीत चढल्यावर एक हात वरच्या कडीला असतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानेच काय ते लिहिता येतं. मराठी कीबोर्डवर माइकचं बटण दाबून बोललेलं टाइपही होतं, पण डब्यात बोलून रोजनिशी कोण लिहिणार! काही जण व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवतात. सोय चांगली आहे, पण घाईत तो मजकूर ‘कदम परिवार’ किंवा सोसायटीच्या ग्रुपवर गेला तर पुढचे चार दिवस लिहायला विषय कमी पडणार नाहीत. फोनच वापरायचा तर कुलूप लावता येईल अशा नोट्समध्ये लिहा. घरी बसून लिहायची सोय असेल तर मी कागदाच्या बाजूने आहे, कारण कागदावर लिहिताना वरून नोटिफिकेशन येत नाही.

दुसरी पायरी: रोजच्या एखाद्या कामाला जोडून घ्या

‘वेळ मिळाला की लिहीन’ म्हणणाऱ्याला या शहरात वेळ मिळत नाही. ‘रोज रात्री दहाला’ हेही टिकत नाही, कारण दहाला कधी घोडबंदर रोडवर अडकलेलो असतो, कधी पाहुणे असतात, कधी मॅच. घड्याळापेक्षा जे काम काहीही झालं तरी रोज होतंच, त्याच्या मागोमाग लिहिणं लावून द्या. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलंय, की ‘मी लिहीन’ असं मोघम ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करेन’ असं नेमकं ठरवलं तर गोष्ट पार पडण्याची शक्यता वाढते.

तुमचं ‘अमुक’ कुठलं ते तुमच्या दिवसावर आहे. ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशीकडे जाणाऱ्यांची गाडी ठाण्यातूनच सुटते. एखादी गाडी सोडली तर पुढचीत बसायला मिळू शकतं, आणि वाशीपर्यंत साधारण अर्धा तास हाताशी असतो. त्यांचं वाक्य: ‘ऐरोली गेलं की वही काढायची.’ कर्जत-कसाऱ्याहून येऊन ठाण्याला गाडी बदलणाऱ्यांनी सकाळी हे करू नये. सकाळची सगळी शक्ती जिना चढण्यात जाते. त्यांनी ऑफिसात पोचल्यावर, कॉम्प्युटर सुरू होईपर्यंतची पाच मिनिटं घ्यावीत. बसमध्ये किंवा रिक्षात मात्र लिहायला जाऊ नका. खड्डे आहेतच, वर मळमळतं.

घर सांभाळणाऱ्या बाईला दुपारच्या चहाआधीची वेळ बरी पडते. ओटा आवरलेला, मुलांची स्कूलबस यायला अवकाश. ज्या इमारतीत पाणी ठरलेल्या वेळी येतं, तिथे ‘पाणी भरून झालं की’ ही तर पक्की वेळ. पाणी यायचं तेव्हा येतंच आणि कुणाला तरी उठावं लागतंच. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी सकाळी घरी आल्यावर बूट काढले की लिहावं. त्यांचा दिवस तेव्हा संपतो, बाकीच्यांचा रात्री संपत असला म्हणून काय झालं. निवृत्त मंडळींना तलावपाळीची किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कची सकाळची फेरी आहेच. फेरी झाली की बाकावर पाच मिनिटं. मात्र ग्रुप जमायच्या आधी, नाहीतर मनात अडकलेल्या गोष्टीची जागा महापालिका घेते.

झोपायच्या आधी लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ज्यांना आडवं पडल्यावर उद्याच्या कामांची यादी आठवत राहते, त्यांनी तेव्हा भावना उकरत बसू नये, सरळ उद्याची कामं लिहून काढावीत. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आहे, ५७ जणांचा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. जितकी यादी बारकाईने, तितकं बरं. ‘बँक’ असं नको. ‘बँकेत केवायसीचा फॉर्म, आधारची झेरॉक्स घेऊन’ असं लिहा.

तिसरी पायरी: पाच ओळी

पाचच का? कारण अगदी वाईट दिवशीसुद्धा पाच ओळी लिहून होतात. सुरुवातीला या पाच प्रश्नांची उत्तरं, प्रत्येकी एक ओळ:

काय झालं?
तेव्हा काय वाटलं?
अंगात कुठे जाणवलं?
कशामुळे वाटलं असेल?
आता काय, किंवा काहीच नाही?

नुसते प्रश्न वाचून हे कळत नाही, म्हणून एक नमुना देते. माणूस काल्पनिक आहे. कळव्यात राहतो, महापेला नोकरी, मुलगा आठवीत. पहिल्या आठवड्यात बहुतेक लोक लिहितात तसं त्याने लिहिलं:

‘आज परत उशीर. गाडी लेट. साहेब बोलले. घरी आलो तर पोरगा मोबाइलवर. ओरडलो. हिने मध्ये तोंड घातलं. डोकं दुखतंय. सगळ्याचा कंटाळा आलाय.’

यात खोटं काही नाही. पण हे वाचून त्याला स्वतःबद्दल नवीन काहीच कळत नाही. तोच दिवस पाच प्रश्न समोर ठेवून लिहिला तर:

‘मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, घरी घड्याळ नाही का. सगळे हसले, मीपण हसलो. लाज वाटली. राग नंतर आला, ठाण्याला उतरल्यावर. कान तापले होते आणि जबडा आवळलेला होता, घरापर्यंत तसाच. साहेबांना उत्तर देता आलं नाही, पोराला देता आलं. त्याने वही उघडली नव्हती हे निमित्त झालं. उद्या त्याच्याशी अभ्यास सोडून काहीतरी बोलायचं.’

घटना तीच. पण पहिल्या नोंदीत गाडी, साहेब, मुलगा, बायको सगळे एकाच रांगेत गुन्हेगार म्हणून उभे होते; दुसरीत राग कुठे जन्मला आणि कुठे फुटला ते दिसलं. ‘मीपण हसलो’ हे दोन शब्द तर पहिल्या नोंदीत आलेच नसते. असे शब्द लिहिताना हात थोडा अडखळतो. अडखळला की समजा, आज लिहायचं होतं ते हेच.

दुसऱ्या प्रश्नापाशी नवखे लोक अडतात. ‘काय वाटलं’ विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: ‘टेन्शन आलं.’ टेन्शन हा शब्द आपण इतका वापरतो की त्यात काहीही मावतं. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर काही शब्द लिहून ठेवा आणि रोज त्यातून निवडा: राग, चिडचिड, वैताग, लाज, अपमान, भीती, धास्ती, हेवा, अपराधी वाटणं, एकटं वाटणं, हुरहुर, रुखरुख, घालमेल, तगमग, कंटाळा, निराशा, माया, समाधान, सुटकेचा निःश्वास. मुलगी पुण्याला शिकायला गेली त्या रात्री वाटते ती हुरहुर, आणि तिच्याशी भांडण झालेलं असताना ती निघून गेली तर राहते ती रुखरुख. दोन्हींना टेन्शन म्हटलं तर दोन्हींवर एकच उपाय शोधत बसू. भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर थोडा ओसरतो, हे मेंदूच्या स्कॅनमधूनही दिसलंय. २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यांच्या फोटोंवरच्या भावनेला शब्द देताना भीतीशी संबंधित असलेला अमिग्डला हा भाग तुलनेने शांत होता.

अंगात कुठे जाणवलं, हा प्रश्न पुष्कळांना विचित्र वाटतो. तरी ठेवा. आपल्याकडे ‘मला भीती वाटली’ म्हणायला माणूस लाजतो, पण ‘छातीत धडधडलं’, ‘पोटात गोळा आला’, ‘हातपाय गळाले’ हे सहज सांगतो. तिथून सुरुवात करा, भावना मागोमाग येते.

आणि एखादी गोष्ट फारच जिव्हारी लागलेली असेल, ‘मी’ म्हणून लिहवत नसेल, तर स्वतःच्या नावाने लिहा. ‘आज सुनीताला आईच्या फोननंतर रडू आलं.’ किंवा ‘तू’ म्हणून: ‘तू दरवेळी फोन ठेवल्यावर रडतेस, बोलताना नाही.’ मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस यांनी यावर बरंच काम केलंय. स्वतःकडे दुसऱ्या माणसासारखं जरा लांबून पाहिलं की तेच ते उगाळणं कमी होतं.

काहीच अडकलेलं नसेल त्या दिवशी? असे दिवस असतात, असावेतच. एक ओळ लिहा आणि वही मिटा. अगदीच सुचेनासं झालं तर यातला एखादा प्रश्न घ्या: आज कुणाचा फोन उचलला नाही? कुणाला ‘हो’ म्हटलं आणि मनात ‘नाही’ होतं? कुठल्या क्षणी सगळं टाकून येऊरला निघून जावंसं वाटलं? आज हातून काय बरं झालं?

चौथी पायरी: वही कोण वाचेल?

रोजनिशीबद्दलचे सल्ले देणारे एक गोष्ट गृहीत धरतात, की लिहिणाऱ्याला स्वतःची खोली आहे, टेबल आहे, टेबलाला कुलपाचा खण आहे. वन बीएचकेत पाच माणसं राहतात, तिथे कपाटाचा एक कप्पासुद्धा पूर्ण आपला नसतो. नवीन लग्न होऊन नेरूळच्या किंवा वर्तकनगरच्या घरात आलेल्या मुलीला तर ‘काय लिहितेस गं?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. मग ती लिहिते ते सासूबाईंनी वाचलं तरी चालेल असं. अशी रोजनिशी लिहून मन हलकं होत नाही, नाटकाची तालीम होते.

यावर माझं मत स्पष्ट आहे: शक्य असेल तिथे वही लपवू नका, सांगून टाका. ‘अहो, ही माझी वही. यात मी डोक्यातलं काहीबाही लिहिते. कुणी वाचायची नाही.’ लपवलेली वही सापडली की तिच्यात काहीतरी भयंकर असणार, असं घरच्यांना वाटतं. ओट्याशेजारी उघड ठेवलेल्या वहीबद्दल आठवड्याभरात कुणाला उत्सुकता उरत नाही. मुलांनाही हाच नियम लावा, आणि उलटही पाळा. दहावीतल्या मुलीची वही आईने ‘काळजीपोटी’ एकदा वाचली की त्या वहीत पुढे खरं काही येत नाही आणि आईला सांगितलं जाणारंही कमी होतं.

सांगण्यासारखं वातावरण नसेल तर दुसरे मार्ग आहेत. वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत लिहायचं. किंवा सुट्या कागदावर लिहून फाडून टाकायचं. लोकांना वाटतं फाडलं तर लिहिलेलं वाया गेलं. नाही जात. बराचसा फायदा लिहिताना होतो, जपून ठेवल्याने नाही. मागचं वाचता येत नाही, एवढाच तोटा.

तिसरा मार्ग आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे: हिशोबाची वही. कित्येक आया-आज्या रोज रात्री खर्च लिहितात आणि ती वही उघडून बघावी असं कुणालाच वाटत नाही. रकमेपुढे एक-दोन शब्द टाका:

‘दूध ६८. भाजी १४०, सुटे नव्हते, कटकट. रिक्षा ९०, वैताग. बाबांची औषधं ११५०, भीती. चाफ्याची फुलं २०, उगाच, बरं वाटलं.’

महिनाभराने हा हिशोब वाचला तर पैसे कुठे गेले ते कळतंच, मन कुठे गेलं तेही कळतं. ज्यांना ‘जर्नलिंग’ या शब्दाचीच धास्ती वाटते त्यांना मी इथूनच सुरुवात करायला सांगेन.

एक गंभीर गोष्ट. घरात मारहाण होत असेल, किंवा वही हाती लागली तर जिवाला धोका होईल अशी स्थिती असेल, तर घरात कागदावर काहीही लिहून ठेवू नका. तिथे रोजनिशीच्या आधी माणसाची मदत हवी. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

खाडे पडतील

पडणारच. गणपतीत गावाला गेलात, घरी आजारपण आलं, ऑडिट लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावायला सांगून पाहिलं होतं. सवय अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांपर्यंत वेळ लागला, पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय’ हे विसरा. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही.

राहिलेले दिवस नंतर भरून काढू नका. तो गृहपाठ नाही. आजची तारीख टाका आणि आजचं लिहा. ‘बरेच दिवस लिहिलं नाही, माफ कर डायरी’ अशी सुरुवातही नको, त्यातच दोन ओळी जातात.

रविवारी एक चांगली गोष्ट, महिनाअखेरीला उजळणी

कृतज्ञतेच्या याद्यांचं सध्या फार पेव फुटलंय: रोज तीन गोष्टी, रोज पाच गोष्टी. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांच्या २००३च्या गाजलेल्या अभ्यासातल्या एका प्रयोगात लोकांनी ही यादी आठवड्यातून एकदाच केली होती. रोज केली की दहाव्या दिवशी ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ असं यांत्रिक उरतं. रविवारी एकच लिहा, पण बारीक. ‘चांगले शेजारी’ असं नको. ‘लिफ्ट बंद होती तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आईला धरून वर आणलं आणि चहाही घेतला नाही’ असं लिहा.

महिन्याच्या शेवटी अर्धा तास काढा. पेन्सिल घेऊन महिन्याची पानं वाचा आणि पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करा. रविवारी संध्याकाळी दरवेळी धास्ती? पाळीच्या आधीचे चार दिवस सगळी दुनिया वाईट? पगाराच्या आधीच्या आठवड्यातच नवरा-बायकोचं वाजतं? भावाचा फोन आला की त्या रात्री झोप नाही? असं काही सापडलं तर लगेच निर्णय घ्यायची गरज नाही. मागच्या कोऱ्या पानावर फक्त लिहून ठेवा, पुढच्या महिन्यात परत दिसतंय का बघा. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं ठरलंच, तर हे एक पान फार उपयोगी पडतं, ‘कधीपासून होतंय?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येतं.

लिहिणं कधी थांबवायचं

तीच गोष्ट, त्याच शब्दांत, आठवडाभर रोज उतरत असेल आणि लिहून झाल्यावर दरवेळी जास्त जड वाटत असेल, तर ते लिहिणं थांबवा. ते उगाळणं झालं. २०१३ साली जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा स्वभाव आधीच ‘असं का झालं’ याचा कीस काढण्याचा होता, त्यांना भावना लिहून काढल्याने उलट सावरायला जास्त वेळ लागला. रोजच्या कामांची साधी नोंद लिहिलेली त्यांना जास्त मानवली. अशा दिवसांत फक्त घडलेलं लिहा: काय जेवलो, कुठे चाललो, कुणाशी बोललो. पेनेबेकर यांचा स्वतःचाही नियम असाच आहे: एखाद्या विषयावर लिहिलं तर तोल जाईल असं वाटत असेल, तर त्यावर लिहू नका. अपघात, मृत्यू, अत्याचार, अशा ताज्या जखमांच्या बाबतीत तर नक्कीच घाई नको.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खिन्न असेल, झोप-भूक बिघडली असेल, नेहमीच्या गोष्टींत गोडी वाटत नसेल, तर पाच ओळींनी भागणार नाही. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे: १४४१६ वर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. ठाण्यात तर या कामाची परंपराच आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, ठाण्याचीच. प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. ‘आता ठाण्यालाच भरती व्हायची वेळ आली’ हा विनोद अख्खा महाराष्ट्र करतो. ठाणेकरांनी तरी तो मनावर घेऊन उपचारांपासून लांब राहू नये.

वही भरली की

ठेवायची असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवा. पावसाळ्यात लोफ्टवर ठेवलेल्या वहीला बुरशी धरते. ठेवायची नसेल तर आख्खी वही रद्दीवाल्याला देऊ नका. आपली ओळ कुणाच्या तरी भेळेच्या पुडीत वाचली जायची. पानं सुटी करा, बादलीत रात्रभर भिजत घाला, सकाळी लगदा होतो. नवी वही मात्र जुनीची चार-पाच पानं शिल्लक असतानाच आणून ठेवा, म्हणजे रात्री साडेदहाला दुकान बंद असताना शेवटचं पान संपलं म्हणून खाडा पडत नाही.